तार अडकली की आधी हात सैल

मोठ्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवणारे कोंब, दुर्बिणीतून कसे काढतात, यावर मागे याच सदरात लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यांत सगळं सुरळीत पार पडल्याचं एकही नव्हतं. 'पॉलिप उचललाच गेला नाही', 'तार अडकली', 'मध्येच चित्र गेलं', 'भोक पडलं', अशीच सगळी. आम्ही डॉक्टर या गोष्टी आपापसांत तासन्‌तास बोलतो आणि पेशंटला मात्र दोन वाक्यांत उरकतो. म्हणून या खेपेचं सदर या पत्रांसाठीच ठेवलं आहे.

प्रश्न : आईच्या मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला ३ सेंटिमीटरचा चपटा पॉलिप आहे. काढायचा म्हणून आत नेलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "खाली पाणी सोडून पाहिलं, पण तो उचलला गेला नाही, म्हणून कापला नाही." आईचं वय ६६. पोट साफ करण्याचा सगळा त्रास झाला आणि काम काहीच नाही. डॉक्टर नवखे होते का?

आईने रात्रभर जागून पोट साफ केलं आणि हाती काहीच लागलं नाही, तर चीड येणारच. पण पत्रात लिहिलंय तसंच घडलं असेल, तर त्या डॉक्टरांनी आईचं भलं केलं आहे.

आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड असते आणि उजव्या बाजूला ती सगळ्यांत पातळ. पॉलिप उगवतो आतल्या अस्तरावर. त्याच्या खाली एक भुसभुशीत थर आणि त्याखाली स्नायू. पॉलिप तारेच्या फासात आवळून कापतात. कापताना ती तार स्नायूपर्यंत जाऊ नये म्हणून त्या भुसभुशीत थरात सुईने द्रव सोडतात. साधं सलाईन किंवा त्याहून दाट द्रव, त्यात निळा रंग. कातडीत वरच्यावर सुई दिली की जसा टम्म फुगवटा येतो, तसा पॉलिप निळ्या उशीवर वर येतो. तो वर आला की तार टाकायची.

आता उचलला गेला नाही, याची कारणं वेगवेगळी असतात आणि फरक महत्त्वाचा आहे. कधी सुईच फार खोल जाते, द्रव भिंतीपलीकडे निघून जातो आणि फुगवटा येतच नाही. त्यावर उपाय सोपा : द्रव सोडत सोडत सुई हलकेच मागे घ्यायची. योग्य थर सापडला की डोळ्यांसमोर फुगा उठतो. कधी सुई चुकीच्या कडेला टोचली जाते आणि फुगवटा पॉलिपलाच घडीमागे ढकलून देतो. हे दोन्ही हाताचे दोष आहेत आणि अनुभवाने सुटतात. पण आजूबाजूची जागा छान फुगली आणि पॉलिप मात्र मधोमध खड्ड्यासारखा तळाला चिकटून राहिला, तर ते लक्षण वेगळं. एकतर तिथे कॅन्सर होऊन त्याची मुळं खाली उतरली आहेत, नाहीतर खाली व्रण धरला आहे. हा व्रण बहुतेक वेळा आमच्याच हातचा असतो. आधी कुणी त्याचे तीन-चार तुकडे तपासणीला काढलेले असतात, अर्धवट कापून सोडलेलं असतं, किंवा खुणेसाठी काळी शाई पॉलिपच्या अगदी खाली टोचलेली असते. शाई काही सेंटिमीटर लांब टोचायची असते. जवळ टोचली की ती पसरते आणि थर एकमेकांना चिकटतात.

म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा : बाजूची जागा फुगली होती का? आणि याआधी तिथून तुकडे काढले होते का? 'फुगली होती' असं उत्तर आलं आणि तरी त्यांनी तार टाकली असती, तर भोक पडायची भीती होती. त्याहून जास्त भीती अर्धवट कापलं जाण्याची. अर्धवट कापलेला पॉलिप पुढच्या डॉक्टरच्या हाती जातो तेव्हा तो पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड झालेला असतो. अशा पॉलिपला पहिला प्रयत्न हाच सर्वांत चांगला प्रयत्न असतो, आणि तुमच्या आईचा तो अजून शिल्लक आहे.

पुढे काय? पॉलिपचे जवळून घेतलेले फोटो, मोजमाप आणि नेमकी जागा यांसकट रिपोर्ट मागून घ्या. आणखी तुकडे काढू देऊ नका. ज्यांच्या हातून असे मोठे पॉलिप नेहमी निघतात अशा डॉक्टरांना दाखवा. पृष्ठभागावरची नक्षी मोठी करून पाहिली की आत कॅन्सर उतरला असेल का, याचा बराच अंदाज येतो. खाली नुसता व्रण असेल तर सूक्ष्म सुरीने थर सोडवत पॉलिप एकसंध काढता येतो. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली. आतड्यात हवेऐवजी पाणी भरूनही काही वेळा काम होतं, कारण पाण्यात अस्तर आपोआप तरंगल्यासारखं वर येतं. मुळं खोल गेली असतील तर मात्र ऑपरेशन करून आतड्याचा तेवढा भाग काढणं हाच योग्य मार्ग, आणि तोही आईसाठी खुला आहे.

प्रश्न : मी एंडोस्कोपी विभागात परिचारिका आहे. तारेच्या फासाची मूठ माझ्या हातात असते. मागच्या महिन्यात ८ मिलिमीटरचा पॉलिप करंट (तारेतून सोडलेली वीज) न लावता कापताना फास पूर्ण आवळला, पण कापेना. डॉक्टर म्हणाले, "जोर लावा." लावला. माझा हात थरथरायला लागला. शेवटी त्यांनी करंट लावून कापलं. पेशंट बरा आहे. पण असं करायचं असतं का? आणि मी काही बोलायला हवं होतं का?

सिस्टर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. थरथरणाऱ्या हाताबद्दल कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहिलंत, बरं केलंत.

१० मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिप करंट न लावता नुसत्या तारेने कापावा, हे आता सर्वमान्य आहे. उशिराने होणारा रक्तस्राव कमी, आणि भिंत भाजण्याचा प्रश्नच नाही. फक्त पॉलिपभोवती थोडी निरोगी कडा घ्यायची असते, आणि ती घेता घेता हावरटपणा होतो. मग तार अडते. तिला कापता येत नाही तो बहुतेक वेळा अस्तराखालचा चिवट धाग्यांचा थर असतो. क्वचित स्नायूचा पापुद्राही आत आलेला असतो. बाहेरून कळत नाही कुठलं काय ते.

अशा वेळी जोर लावणं हे पहिलं काम नाही. आधी दुर्बीण सरळ करून घ्यायची. आतड्यात तिचे वेटोळे पडले असतील तर तुमच्या मुठीचा अर्धा जोर वाटेतच विरतो, फासापर्यंत पोचतच नाही. मग आवळलेला फास भिंतीपासून अलगद उचलून दुर्बिणीच्या तोंडाकडे ओढायचा. पुष्कळदा एवढ्याने धागे तुटतात. नाही तुटले, तर तुम्ही मूठ केसभर सैल सोडायची. खोलवरचं जे आत आलंय ते निसटून जातं आणि पुन्हा आवळलं की कापलं जातं. तरीही अडलं, तर फास पूर्ण उघडायचा, पुढे ढकलून सोडवायचा आणि कमी घास घेऊन पुन्हा टाकायचा. दोन तुकड्यांत निघाला तरी चालतो. अडकलेल्या तारेला थेट करंट देणं मला पटत नाही. फासात स्नायू आलाय की नाही हे ठाऊक नसताना आपण तो जाळायला निघतो.

एक सवय लावून घ्या. नवीन तार उघडली की ती बाहेरच पूर्ण मिटा आणि सरकपट्टी जिथे थांबते तिथे मुठीवर पेनाने रेघ मारा. दुसरी रेघ तारेचं टोक नळीत शिरतं तिथे. आत पॉलिप धरल्यावर सरकपट्टी रेघेच्या फार आधी थांबली, तर तुमच्या हाताला डॉक्टरच्या डोळ्यांआधी कळतं की घास मोठा झालाय. मोठा पॉलिप करंटने कापताना मी मूठ पूर्ण आवळल्यावर अंगठा आणि बोटं यांत किती अंतर उरलं ते विचारते. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त म्हणजे सैल करा. मग फास हलवून पाहते. पॉलिप एकटा हलला तर ठीक. त्याच्याबरोबर भिंतही हलली तर आत नको ते आलंय.

आता बोलण्याबद्दल. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगते. डाव्या बाजूचा, जाड देठाचा पॉलिप होता, डोकं ३ सेंटिमीटरचं. फास देठाभोवती टाकला, आवळला, करंटचं पेडल दाबलं. देठ पांढरा पडला आणि तिथेच थांबला. पुन्हा दाबलं. काही नाही. मी म्हटलं, "पॉवर वाढवा." वाढवली. तरी काही नाही. मी तिसऱ्यांदा पॉवर वाढवायला सांगणार, तोच पेशंटच्या डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, प्लेट." पेशंटला कुशीवर वळवताना मांडीवरची कॉटरी प्लेट, म्हणजे तारेतली वीज अंगातून परत मशीनकडे नेणारी पट्टी, सुटली होती, एका कोपऱ्याने लोंबत होती. मशीन जुनं, संपर्क तुटला की ओरडणारं नव्हतं. मी आणखी पॉवर दिली असती, तर त्या कोपऱ्यातून वीज जाऊन त्या माणसाची मांडी भाजली असती. करंट चालेना तर पॉवरच्या बटणाला शेवटी हात लावायचा. आधी प्लेट, मग वायर, मग पेडल, मग निवडलेला मोड. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या क्षणी आठवलं नाही.

प्लेट नीट लावली, पण तोवर देठ कोरडा पडला होता. सुकलेल्या मांसातून वीज जात नाही. म्हटलं, फास उघडा. उघडेना. तारेचं टोक वाकलं होतं. खोलीत कुणीच बोलेना. माझे वरिष्ठ शेजारच्या खोलीत होते. ते आले, त्यांनी पाहिलं आणि वायर कापायची पक्कड मागितली. मूठ कापली, प्लॅस्टिकची नळी तारेवरून ओढून काढली, दुर्बीण बाहेर घेतली आणि नुसती तार आत राहू दिली. फास आवळलेला राहतो तो नळीच्या जोरावर. नळी निघाली की पकड ढिली होते. मग दुर्बीण तारेशेजारून पुन्हा आत नेली. पांढऱ्या खाचेत रुतलेला फास चिमट्याने एकेका बाजूने सोडवला. खाचेच्या खाली देठावर एक प्लॅस्टिकचा लूप आवळला आणि वर नव्या तारेने कापलं. सगळ्याला तासावर वेळ गेला. रक्त आलं ते थेंबभर.

१९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. हिरोमी शिन्या यांनी पोट न उघडता दुर्बिणीतून तारेने पॉलिप कापायला सुरुवात केली. तारेचा फास अजून तोच आहे. तो चालवायला तेव्हाही दोन माणसं लागायची, आजही लागतात. म्हणून सिस्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, बोलायला हवं होतं. "सर, रेघेच्या आधी थांबलंय, सैल करू का?" एवढंच. त्या दिवशी ते दोन शब्द बोलले गेले नसते तर काय झालं असतं, हे मी अजून विसरलेले नाही. आजही पेशंटला कुशीवर वळवलं की मी स्वतः हाताने प्लेट चाचपते.

प्रश्न : मला गुंगी हलकी होती. मध्येच "चित्र गेलं" असं ऐकू आलं आणि सगळे गप्प झाले. तेव्हा आत काय चाललं होतं?

नीट शिकलेली टीम असेल तर काहीच चाललं नव्हतं, आणि तेच हवं असतं. पडदा काळा झाला की पाय पेडलवरून काढायचा, फास सैल करायचा, दुर्बीण जागची हलवायची नाही. मग वायर तपासतात, मशीन बंद करून पुन्हा चालू करतात. बहुतेक वेळा चित्र परत येतं. नाहीच आलं, तर आतली हत्यारं काढून, दुर्बिणीच्या टोकाची चाकं मोकळी सोडून ती हळूहळू बाहेर घेतात आणि दुसरी घालतात. असं काही घडलं असेल तर ते तुमच्या रिपोर्टवर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचारा.

प्रश्न : वडिलांचा मोठा पॉलिप काढताना आतड्याला भोक पडलं. डॉक्टरांनी तिथेच क्लिपा (धातूचे बारीक चिमटे) लावल्या, तीन दिवस ठेवून घेतलं, ऑपरेशन लागलं नाही. आता घरी आहेत. घरातले म्हणतात, डॉक्टरांनी लपवलं असतं तर कळलंही नसतं. क्लिपा आतच राहणार का? आणि पुढे धोका आहे का?

त्यांनी लपवलं नाही आणि ताबडतोब बंद केलं, म्हणूनच वडील ऑपरेशनशिवाय घरी आले.

भोक पडलंय हे कळण्याची वेळ फार महत्त्वाची. निळा रंग भुसभुशीत थर रंगवतो, स्नायूला रंगवत नाही. त्यामुळे पॉलिप काढल्यावर उरलेली जागा एकसारखी निळी दिसली पाहिजे. मी कापलेला तुकडाही उलटा करून खालून बघते. निळ्यात मधोमध पांढरी चकती दिसली, तर स्नायूचा तुकडा त्याच्याबरोबर आलेला असतो. नेमबाजीच्या फलकावर असतात तशी वर्तुळं दिसतात ती. भोक आरपार दिसत नसलं तरी त्या क्षणी क्लिप लावायची. हे खोलीतच ओळखलं तर आतडं साफ असतं, घाण बाहेर सांडलेली नसते आणि पाच-सहा क्लिपांत दार बंद होतं. सहा तासांनी, पोट कडक झाल्यावर कळलं, तर बहुधा सर्जनच्या हातीच जावं लागतं. तरी पहिल्या प्रसंगातही सर्जनला लगेच कळवायचंच. त्यांनी पेशंट डोळ्यांखाली ठेवलेला असावा.

याची तयारी आधीपासून करायची असते. आतडं फुगवायला साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो पोटात सांडला तरी लवकर शोषला जातो. पेशंटला असं वळवायचं की आतलं पाणी पॉलिपच्या समोरच्या बाजूला साठेल. मग रक्त आलं तरी जागा दिसते, आणि भोक पडलं तरी पाणी त्यात वाहत नाही. रक्ताचंही तसंच. रक्त दिसलं की घाईने त्या लालभडक डबक्यात क्लिप मारायची नाही. आधी पाण्याच्या धारेने धुवायचं, नेमका थेंब कुठून येतो ते पाहायचं, मग तिथेच शेक द्यायचा किंवा क्लिप लावायची. अंदाजाने लावलेली क्लिप पुढच्या क्लिपच्या आड येते. देठातून रक्त आलं तर उरलेला देठच फासात धरून, करंट न लावता, पाच मिनिटं घट्ट धरून ठेवायचा. घड्याळ लावून पाच मिनिटं. ती फार लांब वाटतात.

वडिलांच्या क्लिपा बहुधा काही आठवड्यांत आपोआप गळून जातील. काही क्लिपा जास्त दिवस राहतात, त्यानेही बिघडत नाही. एमआरआय करायची वेळ आली तर मात्र क्लिपा लावल्याचं आधी सांगा, कारण सगळ्या क्लिपा एमआरआयला चालत नाहीत. पहिले दोन आठवडे शौचावर लक्ष ठेवा, कारण रक्तस्राव इतक्या उशिराही होऊ शकतो. रक्ताच्या गाठी पडल्या, चक्कर आली, पोटदुखी वाढत गेली किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. ताप आणि दुखणं असलं म्हणजे पुन्हा भोकच पडलं असं नाही. कधी करंटच्या उष्णतेने भिंत आतून भाजलेली असते आणि ती औषधांनी बरी होते. पण तो निर्णय सीटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी करायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती कधी सुरू करायची हे तारखेसकट लिहून घ्या.

प्रश्न : माझा छोटा पॉलिप कापला पण सापडला नाही, म्हणून रिपोर्टच नाही. आता?

कापलेला तुकडा पाण्याबरोबर वाहतो आणि जिथे पाणी साठतं तिथे जातो. त्यामुळे शोधायचं ते डबक्यात, आणि शोषून घेतलेलं पाणी जाळीतून गाळून. तरी कधी हरवतो. पाच मिलिमीटर किंवा त्याहून लहान पॉलिपमध्ये कॅन्सर सापडणं फारच विरळ आहे, त्यामुळे झोप उडवून घेऊ नका. काढण्याआधी घेतलेला फोटो आणि मोजमाप रिपोर्टमध्ये आहे ना ते बघा. पुढची तपासणी कधी, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. जरा लवकरचीच तारीख देतील.

प्रश्न : मोठा पॉलिप तुकड्या-तुकड्याने काढला. डॉक्टर म्हणाले, पूर्ण निघाला. मग सहा महिन्यांनी पुन्हा का बोलावलंय? काही राहिलंय असं वाटतं, पण विचारायचं धाडस होत नाही.

विचारा. तुम्हाला बोलावलंय ते नियमाप्रमाणेच. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा पॉलिप तुकड्यांत काढला की डोळ्यांना न दिसणारे कण कडेला राहू शकतात, आणि तिथून तो पुन्हा उगवतो. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा : पॉलिप काढल्यावर कडेला तारेच्या टोकाने शेक दिला होता का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असा शेक दिलेल्यांपैकी साधारण ५ टक्के लोकांत पॉलिप पहिल्या फेरतपासणीत परत आला होता. शेक न दिलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. पाच मिनिटांच्या कामाने एवढा फरक पडतो.

परत आला तरी तो बहुधा लहान असतो आणि दुर्बिणीतूनच निघतो, अट एवढीच की तुम्ही वेळेवर गेलेला असाल. माझ्याकडे एक गृहस्थ तीन वर्षांनी आले होते. मधल्या काळात त्यांना काहीच त्रास नव्हता, म्हणून आले नव्हते. जुन्या व्रणावर नवा पॉलिप पसरला होता, खाली द्रव सोडला तर तसूभर उचलला जाईना. शेवटी त्यांना सर्जनकडे पाठवावं लागलं. सहाव्या महिन्यात ते काम पंधरा मिनिटांचं असतं. तुमची तारीख आत्ताच लिहून ठेवा. जाताना पहिल्या वेळचे फोटो आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बरोबर न्या, म्हणजे व्रण नेमका कुठे शोधायचा ते डॉक्टरांना कळेल. आणि पोट साफ करण्याच्या औषधाचा दुसरा अर्धा भाग तपासणीच्या दिवशी, सांगितलेल्या वेळेलाच घ्या. तो आदल्या रात्रीच उरकला तर उजव्या बाजूवर चिकट थर बसतो आणि बारीक कोंब त्याच्याखाली झाकला जातो.